एक्स्पान्शन व्हॉल्व्हातला बर्फ

पोरीकडची मंडळी घर पाहायले महागावहून आमच्या पुसदले आली, तेव्हा मे महिना नुसता पेटला होता. पोरगीही सोबत आलती. तिच्या बाबानं उतरल्या उतरल्या, चहापाण्याच्याही आधी, मले म्हटलं, "तुमी गाड्यायचे एसी करता म्हणते. आमचा गरम हवा फेकून राह्यला. पाहा बरं." माझं दुकान घराले लागूनच. म्हणजे माझं लगन जुळते का नाई, हे आता त्या एसीवर! मी तं खुशीत बाह्याच वर केल्या.

रोग लगेच सापडला. काडेपेटीएवढा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जाम झाला होता. नवा बसवाले गॅस काढून पाइप उघडले. पाहुणे घामानं निथळून राह्यलते, म्हणून मोठा कूलर ओढून आणला आन् फुल सोडला. पोरगी जवळ येऊन म्हणे, "एवढ्याशा डबीनं कायची थंडी होते?"

मी सुटलोच. म्हटलं, कॉम्प्रेसरनं दाबलेला गॅस समोरच्या जाळीत, कंडेन्सरमधी, निवून पातळ होते आन् जोरानं इथं येते. इथं बारीकसं भोक. त्यातून निसटला का दाब एकदम पडते, तो उकळाले लागते, आन् उकळाले लागणारी गरमी गाडीतल्या हवेतून ओढून घेते. हा गॅस जिच्यातून फिरते ती कॉइल लय गार झाली का व्हॉल्व्ह स्वतःच भोक लहान करते, गरम झाली का मोठं.

"म्हणजे उकळून थंडी?" ती म्हणे, आन् खुदकन हसली. झालं! माझं डोकं गेलं कामातून. गॅस भरायच्या आधी पंप लावून पाइपातली हवा आन् ओल ओढून घ्या लागते, चांगला पाऊण तास. मी दहा मिनिटांत उरकलं. हवा थंडगार आली, मंडळी वाह वाह करत निघाली, आन् मी दुकानात एकटाच नाचलो. खोटं कायले सांगू?

अर्ध्या तासानं तिच्या बाबाचा फोन. "अर्ध्या रस्त्यात गरम हवा! हेच का तुमचं काम? असं पाह्यलं तं कशी द्यायची पोरगी?" तेवढ्यात फोन तिनं घेतला. "बंद करून दहा मिनिटं थांबलो का थंड येते. मंग पुन्हा गरम."

अरे देवा! पाइपात पाणी गेलतं. त्या भोकात त्याचा बर्फ होऊन बसे, गाडी थांबली का वितळे. आन् पाणी आलं कुठून? कूलरच्या ओल्या हवेत पाइप उघडे कोणी ठेवले? मीच, शहाण्यानं! पार्ट खराब निघाला म्हटलं असतं तं कोणाले समजलं असतं? पण तिच्याशी खोटं बोलवेना. "चूक माझी आहे," म्हटलं, "कूलरसमोर पाइप उघडे ठेवले, पंपही घाईत उरकला. परत या."

आले. कूलर बंद. ओल शोषणारा नवा ड्रायर टाकला, पंप घड्याळ लावून तासभर चालवला. बाबा दुपट्ट्यानं वारा घेत बसले होते. गेली सोयरीक, असंच मी धरून चाललो.

मंग महागाव रोडले चक्कर मारली. मी गाडी चालवून राह्यलो, बाजूले बाबा, मागं ती. पाऊण तास झाला तरी हवा थंडच. बाबा म्हणे, "घर तं नीट पाह्यलंच नाई आपण."

"घर राहू द्या, बाबा," मागून आवाज आला, "मले पोरगा पसंत आहे."

गाडी रोडच्या खाली उतरता उतरता राह्यली.