उपाशीपोटी हॉस्पिटात्सिओन

मुलीच्या शाळेत जाताना माणसाने पोटभर खाऊन जावं, एवढं मी आता अनुभवाने सांगू शकतो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मेधा आणि आठ वर्षांची सई. त्या उन्हाळ्यात सासूबाईही सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करायचो. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत चालत असे, आणि त्यामुळेच माझा असा ठाम समज होता की मला जर्मन उत्तम येतं. (ज्या भाषेत आपल्याला कधी कामच पडत नाही, ती आपल्याला नेहमीच उत्तम येते.)

सई घरात बोलायची थांबत नसे. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा रिवाजच पडला होता. 'सई, जेवायला ये' म्हटलं की आतल्या खोलीतून न येण्याची कारणं अस्खलित जर्मनमध्ये यायची. शाळेत मात्र तोंडाला कुलूप. दोन वर्षांत तिने वर्गात तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. लिहायची सगळं बरोबर, पण बाईंनी विचारलं की मान खाली.

तिसरीच्या पालकसभेनंतर बाईंनी आम्हाला थांबवून घेतलं. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. कोण पुढे विद्यापीठाच्या रस्त्याला लागणार आणि कोण नाही, ते दहाव्या वर्षीच ठरतं. सई अशीच गप्प राहिली तर तिला सगळ्यात खालच्या शाळेत पाठवावं लागेल, कदाचित मंदगती मुलांच्या शाळेतही, असं बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मेधा बसस्टॉपवर रडली. मी रडलो नाही, पण मला त्या बाईंचा मनस्वी राग आला. आमच्या पोरीला मंद म्हणताय? घरी येऊन बघा, दोन मिनिटं कोणाला बोलू देते का!

मी जाहीर करून टाकलं की उद्यापासून सईला मी घरी शिकवणार. ऑफिसातला सहकारी हे ऐकून हसला. म्हणाला, या देशात मुलांना घरी शिकवायला कायद्याने बंदी आहे, फार ताणलंस तर पोलीस येऊन मुलीला शाळेत पोचवतील. मग त्यानेच शेजारच्या गावातल्या एका वेगळ्या शाळेबद्दल सांगितलं. तिथे घंटा नाही, गुण नाहीत, पहिली-दुसरी असे वर्ग नाहीत. प्रत्येक मुलाची वेगळी योजना बनते आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने शिकायचं.

सासूबाईंना हे काही पटेना. त्या म्हणाल्या, "घंटाच नाही, तर शाळा सुटली हे कळतं कसं?"

पण आम्ही अर्ज केला. तिकडून फोन आला की एकच जागा शिल्लक आहे आणि आणखी दोन मुलांचे अर्ज आहेत. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. ते मी चहा पिता पिता सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण घरातला जर्मनचा जाणकार मीच. पत्रात म्हटलं होतं की सई आणि एका पालकाने मंगळवारी सकाळी आठ ते बारा 'हॉस्पिटात्सिओन'साठी यावं.

"म्हणजे काय?" मेधाने विचारलं.

"मेडिकल," मी म्हणालो. "शब्दातच हॉस्पिटल आहे की."

मेधाचं म्हणणं होतं की शब्दकोश तरी बघावा. आता, मेधा मला एरवी 'अरे' म्हणते आणि तिची आई समोर असली की 'अहो'. त्या दिवशी ती आईसमोर "अरे, एकदा बघ ना" म्हणाली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी तिला पुरावे दाखवले. सईला पहिलीत घालताना सरकारी दवाखान्यात तपासणी झाली होती की नाही? झाली होती. पत्रात पुढे काय लिहिलंय? मुलाला सैल, सोयीचे कपडे घालावेत. पालकांनी एका जागी शांत बसून राहावं. आणि दोघांनीही घरातल्या सपाता बरोबर आणाव्यात. सपाता! वॉर्डात घालायला नाही तर कशाला? आणि चार तास म्हणजे दोघांच्याही संपूर्ण शरीराची तपासणी. मेधा गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला.

सासूबाईंना तर फारच पटलं, कारण हा त्यांचा प्रांत. सांगलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांची तीस वर्षं गेलेली. गेले दोन महिने त्या बिचाऱ्या खिडकीतून पार्किंग बघत बसल्या होत्या, त्यांना एकदम हुरूप आला. रक्त काढणार म्हणजे बारा तास पोट रिकामं हवं, असं त्यांनी सांगितलं. आणि एक नमुना घरूनच न्यावा म्हणजे तिथे खोळंबा होत नाही.

"प्रसादराव, सकाळची पहिली," त्या म्हणाल्या. "पण सुरुवातीची नाही हं, मधली." त्यांनी जॅमची छोटी बाटली उकळून घेतली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून माझं नाव, वय आणि 'उपाशी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. इतक्या आपुलकीने त्या माझ्याशी लग्नातही वागल्या नव्हत्या.

सईने मात्र दुसरी बाटली घ्यायला साफ नकार दिला. मंगळवारी सकाळी तिने खुशाल वाटीभर कॉर्नफ्लेक्स खाल्ले. मी रागावलो. ती जर्मनमध्ये "बाबा, पण ते तर फक्त..." असं काहीतरी सुरू करत होती, पण बसला उशीर होत होता. मी म्हटलं, आत्ता नको, रस्त्यात बोलू. रस्त्यात मी तिला डॉक्टरांशी कसं बोलायचं ते शिकवत बसलो.

शाळा म्हणजे एक जुनं लाकडी घर होतं. दारात हाताने विणलेला स्वेटर घातलेल्या एक बाई उभ्या होत्या, फ्राउ केलर. त्याच मुख्याध्यापिका. त्यांनी हसून हात मिळवला आणि टेबलावरची कॉफी आणि केक दाखवून घ्या म्हणाल्या. आदल्या संध्याकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. केक प्लमचा होता आणि नुकताच भाजलेला होता. पण मी मोहाला बळी पडलो नाही. उपाशी असण्याला जर्मनमध्ये 'न्यूश्टर्न' म्हणतात, हे मी मुद्दाम पाठ करून आलो होतो. छाती पुढे काढून मी म्हणालो, "इश बिन न्यूश्टर्न."

त्या शब्दाचा दुसरा अर्थही आहे, आणि समोर डॉक्टर नसेल तर लोक तोच घेतात, हे मला फार उशिरा कळलं. तर, सकाळी पावणेआठ वाजता, मुलीच्या भवितव्याचा निर्णय ज्यांच्या हातात त्या बाईंना मी पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की मी दारू प्यालेलो नाही.

"ऐकून बरं वाटलं," फ्राउ केलर म्हणाल्या.

मग आम्ही सपाता घातल्या. (इतरांच्या लोकरीच्या होत्या. माझ्या बाथरूमच्या, निळ्या रबराच्या.) आम्हाला एका मोठ्या खोलीत नेलं. तिथे सतरंजीवर वीसेक मुलं गोल करून बसली होती. मला वाटलं, हे सगळे पेशंट. एवढी गर्दी बघून मला आमच्या एकाच जागेची काळजी वाटू लागली. आम्हीही गोलात बसलो. सईने नेहमीसारखी मान खाली घातली. इथेही ही बोलली नाही तर पुढे दार नव्हतं.

तिथली पद्धत अशी होती. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात दगड, त्यानेच बोलायचं आणि आपण घरून काय आणलंय ते दाखवायचं. एकाने गोगलगायीचा शंख दाखवला. एकीने आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ आणलं होतं. मला यातला चौथा हिस्सा समजत होता. एवढं कळलं की जो तो बरोबर आणलेलं काढून समोर ठेवतोय. दगड माझ्याकडे आला. मीही पिशवी उघडली आणि एकेक वस्तू नीट मांडली. लसीकरणाची फाइल. पुण्यात नोकरीला लागताना काढलेला माझ्या छातीचा एक्स-रे. आणि ती बाटली. मग मी नम्रपणे विचारलं की डॉक्टर कधी येणार.

फ्राउ केलर माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होत्या. तेवढ्यात दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने बाटली उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "सफरचंदाचा रस?" आणि झाकण फिरवायला सुरुवात केली.

मी रबरी सपातांसकट झेप घेतली. बाटली वाचली. म्हणजे, ती मुलगी वाचली. मी गोलाच्या मधोमध गुडघ्यांवर, दोन्ही हातांत बाटली घट्ट धरून बसलेला, आणि वीस मुलं मला बघतायत. 'लघवी' हा शब्द मला जर्मनमध्ये येत नव्हता. सगळं संपलं असं मला वाटलं. मेधाला घरी जाऊन काय सांगू, हा एकच विचार डोक्यात होता.

तेव्हा माझ्या जागेवर पडलेला दगड सईने उचलला.

ती उभी राहिली आणि बोलायला लागली. आधी हळू, मग घरात बोलते तशी. बाबांना वाटतं त्यांना जर्मन येतं. हॉस्पिटात्सिओन म्हणजे शाळेत येऊन बसायचं आणि बघायचं, एवढंच. पण बाबांना वाटलं हॉस्पिटल. म्हणून ते कालपासून जेवले नाहीत. म्हणून तो एक्स-रे. बाटलीत काय आहे तेही तिने सांगितलं, अगदी चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाटली आजीने उकळून दिलीय, आजी लॅबमध्ये होती, आणि मधलीच घ्यायची असते कारण सुरुवातीची चालत नाही.

मुलं हसून लोळली. सईसुद्धा हसत होती. फ्राउ केलरनी डोळे पुसले. मग प्रश्न सुरू झाले. मधलीच का? आजीने रक्त पाहिलंय का? एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून मुलांनी माझ्या बरगड्या मोजल्या आणि सईने कुठलं हाड कुठे ते दाखवलं. हे तिला आजीने शिकवलं होतं, आणि ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती पाऊण तास बोलत होती. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती आणि इतका आनंदही झाला नव्हता. मधे फ्राउ केलरनी केकची बशी माझ्या मांडीवर ठेवली. मी तीन तुकडे खाल्ले.

परतीच्या बसमध्ये मी सईला विचारलं, तुला तो शब्द माहीत होता तर आधी का नाही सांगितलंस?

ती खिडकीबाहेर बघत होती. एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "तुम्ही कोणी मला विचारलंच नाही."

आमच्या पोरीला ओळखलं नाही म्हणून तिच्या वर्गातल्या बाईंवर दोन महिने चिडलेला मीच होतो.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "रिपोर्ट कधी मिळणार?" मी म्हटलं, आठ दिवसांनी. मेधाने सईच्या तोंडून सगळा वृत्तांत ऐकला आणि ती इतकी हसली की शेवटी रडली. पण ते आठ दिवस घरात कोणाला धड झोप नव्हती. मुलगी बोलली हे खरं, पण दारू न प्यालेला, बाटली घेऊन फिरणारा बाप पाहून कुठली शाळा प्रवेश देईल, हा प्रश्न मेधा दिवसातून चारदा विचारायची. तेही 'अरे' म्हणून.

पत्र आलं तेव्हा मी ते न उघडता सईच्या हातात दिलं. तिने आधी मनात वाचलं, मग आम्हाला मराठीत सांगितलं. सईला जागा मिळाली होती. ती स्पष्ट आणि निर्भयपणे बोलते, तिला कुठल्याही विशेष मदतीची गरज नाही, असं फ्राउ केलरनी लिहिलं होतं. मेधाने तिला उचलून घेतलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"अजून आहे," सई म्हणाली. "खाली बाबांबद्दल लिहिलंय."

शाळा प्रत्येकाची वेगळी योजना बनवते, तशी माझीही बनवली होती. दर मंगळवारी दुपारी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वाचनगटात बसायचं, सतरंजीवर. येताना काहीही बरोबर आणू नये, असं खाली वेगळं लिहिलं होतं.

मी गेलो. फार चांगली शाळा आहे. तिथे कोणाला कोणी मागे पडला म्हणत नाही, ज्याला त्याला आपल्या गतीने शिकू देतात. माझ्या गटातली सगळी मुलं वर्षभरात पुढच्या गटात गेली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जागी त्यांची धाकटी भावंडं आली, आणि तीही पुढे गेली. सतरंजीवरची माझी जागा मात्र अजून कोणी घेतलेली नाही.