हसू परत आलं तेव्हा

माझी थोरली शिवणकाम करते. तीन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती, मशीनवर धूळ साचली होती. मग एका सकाळी ती न्हाऊन गुणगुणत कामाला बसली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. "आई, आता गोळ्या पुरे. ठणठणीत आहे मी," ती म्हणाली. मीच डबी उचलून कपाटात ठेवली.

पुढचे चार दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी पाहते तर अठरा गिऱ्हाइकांची कापडं तिने एकाच मापाने कापलेली. "सगळ्यांना माझंच माप बसेल गं. तू म्हणजे घाबरटच," असं म्हणून ती हसत सुटली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, बायपोलर आजाराला दोन टोकं असतात, एक उदासीचं नि एक उधाणाचं, हे सांगितलं होतं मी." मी फक्त अंथरुणाचं टोक लक्षात ठेवलं होतं.

आता ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून असते. गोळी गिळेपर्यंत मी समोरून हलत नाही. आज सकाळी ती माझ्याकडे बघून जराशी हसली, तशी मी तिच्या डोळ्यांत जागरण शोधू लागले.

"रात्री झोपलीस ना गं?" मी विचारलं.

तिचं हसू मावळलं.