बिनवासाचा सीलंट

शीळफाट्याजवळ आमचं गाड्यांना सामान बसवून देण्याचं दुकान आहे. काम नवरा करतो, मी काउंटरवर बसते. एका दुपारी खाडीकडची एक कोळीण स्वतःचा टेम्पो घेऊन आली. तिला मासळीची पेटी बसवून हवी होती. पेटीचे सांधे बुजवायला नवऱ्याने सिलिकॉन सीलंटची ट्यूब उघडली, तशी तिने ती हातात घेऊन हुंगली.

“हा नको. याला आंबट वास येतो. मागच्या टायमाला यानंच पत्रा खाल्ला.”

गिऱ्हाईकाने शिकवलेलं माझ्या नवऱ्याला खपत नाही. पण हातातलं काम ठेवून तो ऐकत राहिला. सांध्यावरून अंगठा फिरवत ती पाणी कुठून शिरतं ते सांगत होती, आणि तो चक्क हसत होता. शेवटी बिनवासाचा सीलंट आणायला तो स्वतः बाइकवरून कल्याणला गेला. मी सांगितलेला कढीपत्ता तो कोपऱ्यावरूनही आणत नाही.

मी तिला चहा दिला, पण तिच्याजवळ बसले नाही. दोन घोट घेऊन तीच म्हणाली, “ताई, तुमचे मालक किती ऐकून घेतात. आमच्याकडे मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढतो. घरीपण असेच असतात ना?”

मघापासून मी तिच्यावर जळत होते, आणि आता ती माझ्याकडे तशाच नजरेने बघत होती.

“हो, घरीपण असेच,” मी म्हटलं आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.