दुपट्यातला इग्वाना

चहा आधी संपवून घ्या. ऐकताना ठसका लागला तर पुन्हा माझंच नाव निघायचं, आणि या एका प्रकरणात माझं नाव आधीच पुष्कळ निघालंय.

मी तळेगाव ढमढेऱ्याला अंगणवाडी सेविका. गावातली लेकरं वजनकाट्यावर घालायची, उंची मापायची आणि त्यांच्या आयांना सांगायचं, पोराला कोवळ्या उन्हात बसवा, अंडं द्या, हाडं बळकट होतात. झोपेतसुद्धा म्हणेन, इतकं पाठ. आमच्या घरात मात्र आता लहान मूल नाही. आहे तो राजा. राजा म्हणजे इग्वाना.

सरडा म्हणू नका, माझ्या मुलाला राग येतो. अनिकेतनं तो पुण्याला खोलीवर पाळला होता. कंपनीनं त्याला होसूरला पाठवलं आणि राजा काचेच्या पेटीसकट माझ्याकडं आला. हिरवागार, पाठीवर करवतीसारखे काटे, गळ्याखाली कातड्याची झालर, शेपूट अंगाहून लांब. आमचे हे दौंडला रेल्वेत असतात, सुट्टीला घरी येतात. पहिल्यांदा पेटीत डोकावले आणि म्हणाले, "हा इथं राहणार असंल तर मी दौंडलाच बरा." राजा राहिला. हेही येत राहिले.

अनिकेत फोनवर म्हणाला, "आई, त्याचा यूव्ही लाईट फुटलाय. नवा घे. त्याच्याबिगर तो जगायचा न्हाई."

मी शिरूरला विजेच्या दुकानात गेले. म्हटलं, "यूव्ही लाईट द्या."

दुकानदारानं जरा विचार केला. "यूव्ही म्हंजी जांभळी ना? हाय की. जयंतीला आपण कमानीवर लावतो, तीच."

घेतली. पेटीवर टांगली. सगळी खोली जांभळी झाली. राजा आतून असा दिसायचा जणू मिरवणुकीच्या ट्रॉलीवर बसलाय. मला वाटलं, चला, लेकराची सोय झाली. उन्हात काढायची माझी हिंमत नव्हती, घारीनं उचलला तर मुलाला काय सांगू? खिडकीच्या काचेतून जे येईल ते येईल.

आता राहिला आहार. त्यात मला कोण शिकवणार? रोज उकडलेलं अंडं. वाटीत दूध. वर थोडा पालक.

आणि राजा लागला हो अंगाला. मांड्या अशा भरल्या की बघत राहावं. शेजारणींना बोलावून दाखवायची मी. अनिकेतला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, 'आई, भारी.' पुढं राजाचं तोंडही जरा रुंद झालं, ओठ वर वळल्यासारखे दिसायला लागले. मी सगळ्यांना सांगितलं, आमचा राजा हसतो. पायाची बोटं थरथरायची, तर म्हटलं, अंगात ताकद मावत नसंल.

मग एका सकाळी राजा पेटीत कडेला पडलेला. हात लावला तरी मागं सरकेना. अंडं तोंडाशी धरलं, तोंड उघडेना.

गावातले जनावरांचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी राजाकडं बघितलं आणि सरळ सांगितलं, "ताई, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. ह्याला चुकीचं औषध देण्यापेक्षा पुण्याला न्या. असले प्राणी बघणारे डॉक्टर आहेत तिथं." पत्ता लिहून दिला.

राजाला गारठा सोसत नाही, म्हणून अनिकेतचं लहानपणीचं दुपटं काढलं. शेपूट दुमडली, तोंडासकट गुंडाळला, छातीशी धरला आणि जीपमध्ये बसले. घाईत पायात दोन निराळ्या चपला.

शेजारी कासुर्डीच्या एक मावशी होत्या. लेकीकडं पुण्याला निघालेल्या. थोडा वेळ दुपट्याकडं बघत बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "बाळ बरं न्हाई का?"

मी आपल्या विचारात. "न्हाई ओ मावशी. खाणंच सोडलंय."

"ताप हाय?"

"ताप कुठला. अंग गार पडलंय."

मावशी जरा सरकून बसल्या. "कवापासनं?"

"सकाळपासनं. आधी हातपाय थरथरायचे तरी. आता त्ये पण थांबलं."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही माणसं काय समजलीत.

तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं ना. सांगणारच होते. तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी माझं डोकं त्यांच्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरनं हात फिरवायला लागल्या. सकाळपासून मला कुणी विचारलं नव्हतं. मला जे रडू फुटलं ते काही थांबेना. ते रडू खरं होतं, एवढं माझ्या बाजूनं धरा.

शिक्रापूरला आमच्याच गावचा एक माणूस उतरला. उतरताना माझ्याकडं बघून हात जोडले आणि खिशातनं फोन काढला. त्या फोनचं पुढं काय झालं ते सांगते.

ड्रायव्हरनं जी जीप हाणली, ती थेट पुण्यात लहान मुलांच्या दवाखान्याच्या दारात. मी म्हटलं, "दादा, इथं नको. ह्ये माणसाचं लेकरू न्हाई."

"असं बोलू नये ताई," तो म्हणाला. "कसंबी असलं तरी आपलंच असतंय."

मावशींनी मला दंडाला धरून आत नेलं. आबा आले. ड्रायव्हर आला. नर्सनं बाळ माझ्या हातातनं घेतलं, टेबलावर ठेवलं आणि दुपटं उलगडलं.

राजानं एक डोळा उघडला.

नर्स ओरडली नाही. ती नुसती मागं मागं जात भिंतीला टेकली आणि तिथंच उभी राहिली. तरुण डॉक्टर आले, त्यांनी आधी टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "वय किती?"

"चार वर्षं," मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

"हा आमचा पेशंट नाही, ताई."

मी मागं वळून बघायला टाळाटाळ करत होते. मावशी पुढं आल्या. वाकून राजाकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसती.

"जित्तं हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मग हितं उभं राहून काय करताय? चला की."

तीच जीप, तीच माणसं, जनावरांच्या दवाखान्यात. इथल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी राजाचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला. मग एक्स-रे काढला. दुसऱ्या एका निरोगी इग्वानाचा शेजारी लावला. त्यात हाडं पांढरी स्वच्छ. आमच्या राजाची हाडं धुरासारखी.

"पण मांड्या तर चांगल्या भरल्यात," मी म्हटलं.

"ते मांस नाही. ते सुजलंय. हाडात कॅल्शियम उरलं नाही की शरीर ते हाड सावरायला भोवती जाड थर बांधतं. जबड्याचं तेच. म्हणून तो हसल्यासारखा दिसतो. थरथरायचा का?"

"थरथरायचा."

"खायला काय देता?"

"अंडं. दूध."

डॉक्टर बाईंनी लिहिणं थांबवलं. "हा प्राणी पाल्यावर जगतो. अंड्यानं याच्या किडन्या जातात."

"पालक पण देते."

"पालक असलेलं कॅल्शियमसुद्धा अडवून धरतो. लाईट कुठला आहे?"

"जांभळा," मी म्हटलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या लाईटमधनं जे किरण यायला हवेत ते डोळ्यांना दिसतच नाहीत, रंगाचा संबंध नाही. खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. खरं औषध म्हणजे सकाळचं उघडं ऊन. "सोप्या भाषेत सांगायचं तर ताई, याला मुडदूस झालाय."

मागनं मावशी म्हणाल्या, "आन् तुम्ही करता काय म्हनायचं?"

"अंगणवाडीत आहे," मी म्हटलं.

आबांनी टोपी परत घातली आणि बाहेर जाऊन बसले. हसायला गेले की रडायला, मी बघितलं नाही.

राजाला इंजेक्शन दिलं. पाजायला पातळ कॅल्शियम दिलं, खायला शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पानं सांगितली. "जगेल कदाचित," डॉक्टर बाई म्हणाल्या. "वाकलेलं सरळ होणार नाही."

संध्याकाळी गावात उतरले तर आमच्या आळीत माणसं. दारात चपलांचा ढीग. आत बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कुणीतरी घरून पिठलं-भाकरी करून आणलेली. आमचे हे दौंडहून आले होते, डोक्याला हात लावून बसलेले. शिक्रापूरच्या त्या फोननं सांगितलं होतं, अंगणवाडीच्या बाईंच्या हातात लेकरू दगावलं. कुणाचं, ते सांगितलं नव्हतं. म्हणून गावातल्या प्रत्येक आईनं आपापलं पोर कडेवर उचलून आणलेलं, आणि सगळ्या एकमेकींच्या पोरांकडं बघत होत्या.

मी दुपटं उलगडलं. सगळं सांगितलं, लाईटसकट. मुडदूस म्हटल्यावर हे उठून बाहेर गेले. पिठलं-भाकरी आणणारीनं टोपलं परत नेलं.

सारिका तेवढी थांबली. तिचं पोर वर्ष उलटलं तरी उभं राहत नव्हतं, आणि ऊन देत नाहीस म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. आता तिनं राजाच्या मांडीवरनं एक बोट फिरवलं, घाबरत घाबरत. मला वाटलं, आता ही सव्याज परत करणार. कुणीही केलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या ओट्यावर सकाळचं ऊन चांगलं येतं. मी बसते पोराला घेऊन. तुम्ही पण या."

तेव्हापासून रोज आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसतो. तिच्या मांडीवर तिचं पोर, माझ्या मांडीवर राजा, आणि घारीवर नजर. रस्त्यानं जाणारा माणूस थबकतो, बघतो आणि काही न विचारता पुढं जातो.

सारिकाचं पोर परवा भिंत धरून उभं राहिलं. आमचा राजा अजून पोटावर सरपटतो. लोकांना मी सांगते, सरपटणाराच प्राणी हाय तो, असंच चालणार. पण डॉक्टर बाईंनी मला निरोगी इग्वाना चालताना दाखवलाय. पोट चांगलं वर उचलून चालतो.