केळ्यावर मोजलेलं टोरांटो

आमच्या पाचोऱ्यात केळीचे ट्रक भरणारे एक नाना आहेत. जगातलं कुठलंही अंतर ते केळ्यावर मोजतात. दिल्लीला केळं हिरवं पोचतं, काश्मीरला पिवळं!

माझी लेक मुंबईहून टोरांटोला निघाली. साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. नानांनी लगेच ओट्यावर एक हिरवं केळं ठेवलं.

सतरा तास झाले, तरी फोन नाही. माझ्या काळजाची धडधड धुळ्यात ऐकू जात होती.

नानांनी केळं दाबलं. "कडक शे, आबा. पोर आजून हवामाच शे."

अठराव्या तासाला फोन वाजला. "पोचले, बाबा!" माझी उडी साक्रीहून दिसली असेल.

"मी म्हनं व्हतं ना!" नाना ऐटीत म्हणाले.

केळं मात्र त्यांच्या अंगठ्याने दाबून दाबून काळंठिक्कर पडलं होतं.