परक्या मढ्यांसाठी काढलेला गळा

टीव्हीवर मी पाच वेळा किंचाळले आहे. सहावी किंकाळी मी फोडलेली नाही, पण हे गावात कुणालाच पटत नाही, आणि आता मीही सांगायचं सोडून दिलंय.

सत्तावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. त्यातली निम्मी डोळखांबकडच्या पाड्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता मुरबाडजवळच्या आपल्या घरी बसून चार पुस्तकं वाचावीत, दोन लिहावीत. पण आमच्या शेताला लागून एक बंगला आहे. मालक शहरात असतात, वर्षातून दोनदा येतात आणि बाकीचे दिवस बंगला शूटिंगला देतात. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले, एका जागी बसवत नाही, म्हणून बंगल्याच्या किल्ल्या यांच्याकडे. दर महिना-दीड महिन्याने एका गुन्हेगारी मालिकेची माणसं यायची आणि त्या बंगल्यात एक खून करून जायची. खरंच एवढे खून झाले असते तर त्या बंगल्याला कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. टीव्हीवर मात्र पडदे बदलले की घर नवं होतं.

एकदा मोलकरणीचं काम करणारी बाई आलीच नाही. आसनगावला उतरायची ती लोकलमध्ये झोप लागून कसाऱ्याला पोहोचली. त्याच वेळी आमच्या वालात कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या होत्या आणि मी बांधावरून त्यांचा उद्धार करत होते. पाड्यावरच्या शाळेत पाचवीपर्यंतचे वर्ग एकाच खोलीत सांभाळलेला आवाज तो. बंगल्याच्या गच्चीवर उभ्या दिग्दर्शकाने ऐकला आणि मला बोलावणं धाडलं. हातात ट्रे देऊन म्हणाला, "मावशी, आत जा. साहेब मेलेले दिसतील. ट्रे टाका आणि ओरडा." मी त्याला म्हटलं, अहो, मी शिक्षिका आहे. तो म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला.

पहिल्याच फटक्यात शॉट ओके झाला. आंब्यावरचे कावळे उडाले आणि साहेबांचं मढं दचकून उठून बसलं. तेव्हापासून त्या बंगल्यात कुणीही मरो, ते पहिल्यांदा मलाच दिसायचं.

दुसऱ्या वेळी त्यांचे कप वाटेत फुटले म्हणून हे आमच्याच घरातले घेऊन गेले. माझ्या निवृत्तीला मुलांनी दिलेला सेट. मी मढं पाहिलं, जीव तोडून किंचाळले, पण ट्रे काही सुटेना. दिग्दर्शक ओरडतोय, टाका, टाका. मी म्हटलं, आधी कप बदला. शेवटी मुरबाडच्या बाजारातून काचेचे ग्लास आणवले, आणि साहेब तासभर मेलेलेच राहिले.

यांनाही काम मिळालं, संशयित माळ्याचं. कोयता घेऊन झुडपाआड उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे एकटक बघायचं. पोलीस पहिल्यांदा यांनाच धरायचे आणि जाहिराती संपल्या की सोडून द्यायचे. खुनी निघायचा तो सगळ्यात गोड बोलणारा भागीदार. मेलेल्याच्या मुठीत शर्टाचं बटण, डायरीचं नेमकं शेवटचं पान फाडलेलं, आणि वीज नेमकी त्याच वेळी गेलेली. वीज जाण्याचं तेवढं आम्हाला पटायचं. न्हाव्याच्या दुकानात लोक यांना विचारायचे, काय, सुटलात का? हे मान डोलावायचे. या माणसाने आयुष्यात कोंबडीसुद्धा कापलेली नाही, ते काम मी करते.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. तिसऱ्या खुनाचा भाग लागला आणि शहापूरहून नणंदेचा फोन आला.

"वहिनी, फार छान ओरडलात," ती म्हणाली. "आई गेली त्या दिवशी कुठं गेला होता हा आवाज?"

आणि ठेवला फोन.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की बायका मोठ्याने गळा काढतात. तो आवाज ऐकला की शेजारपाजारच्या बाया चुलीवरचं भांडं उतरवून धावत येतात. निरोपाची वेगळी गरजच पडत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी सासूबाई झोपेतच गेल्या. घरात मी एकटी होते, आणि माझा आवाज निघाला नाही. मी बांधावर गेले आणि यांना म्हटलं, घरी चला. शेजाऱ्यांना यांच्याकडून कळलं. तेव्हापासून, बाईच्या डोळ्यात टिपूस नाही, हे माझ्या पाठीला चिकटलं ते चिकटलंच. नणंदेने तर त्या दिवसापासून माझ्या घरी चहा घेतलेला नाही.

यांनी स्वतः मात्र तो विषय कधी काढला नव्हता. पण फोन आला त्या संध्याकाळी शेतातला पंप चालू राहिल्यावरून आमची जुंपली आणि यांच्या तोंडून निघून गेलं. "परक्या मढ्यांसाठी गळा काढतेस. माझ्या आईसाठी एक हाक नाय निघाली तुझ्या तोंडातून."

माझ्याकडे उत्तर होतं. पण अकरा वर्षं जे मी गिळून बसले होते, ते पंपाच्या भांडणात कसं काढणार? पुढच्या खुनाला मी रागाने अशी किंचाळले की ध्वनीवाल्याने कानावरची यंत्रं काढून फेकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या मालिकेचा लेखक चाळिशीचा, टक्कल पडलेला, पित्ताने हैराण झालेला माणूस. शूटिंगला आला की आमच्या आंब्याखाली खाटेवर बसून लॅपटॉपवर परदेशी मालिका बघायचा. चॅनेलकडून त्याला सारखे फोन, काहीतरी नवीन द्या, ओरिजिनल द्या. मग हा बिचारा नवीन शोधायला तिकडच्या मालिकांत शिरायचा. तिकडे खुन्याच्या पावलांचे ठसे बर्फात उमटले, तर आमच्याकडे ते तांदळाच्या पिठात उमटले. एवढं पीठ कुणी, कशासाठी सांडलं, हे कुणी विचारलं नाही. तिकडचा पोलीस लांब कोट घालतो म्हणून आमच्या इन्स्पेक्टरलाही कोट आला. मे महिना, मुरबाडचं ऊन आणि घोट्यापर्यंत कोट. त्याला घेरी आली आणि संशयित माळ्याने कोयता खाली ठेवून त्याला पाणी पाजलं.

"मावशी, नवीन असं काही नसतंच," लेखक पोहे खाताखाता म्हणाला. "सगळं कुठून तरी आलेलं असतं."

मी विचारलं, मढं बघून मोलकरीण ट्रे टाकते, हे कुठून आलं? तो म्हणाला, आधीच्या मालिकेतून. आणि तिच्यात? तिच्या आधीच्या. मग मी त्याला विचारलं, तुम्ही स्वतः कधी मेलेलं माणूस पाहिलंय का? नाही म्हणाला. आजोबा गेले तेव्हा त्याची परीक्षा होती, घरच्यांनी कळवलंच नाही.

मला हसूही आलं आणि रागही. कधी मढं न पाहिलेला माणूस दर आठवड्याला एक पाडत होता आणि ते पाहून कसं वागायचं हे मला शिकवत होता. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंसुद्धा. तो रागावला नाही. म्हणाला, या वेळी बंगल्याची म्हातारी मालकीण मरते, पलंगावर, झोपेत. तुम्ही सकाळचा चहा घेऊन जाता. तुम्हाला वाटेल ते करा, मी दिग्दर्शकाला सांभाळतो.

नाही म्हणायला हवं होतं. पण मनात आलं, जे आपल्याला घरात सांगता आलं नाही, ते निदान मोलकरणीच्या नावाने एकदा दाखवता येईल. हे बघतील, नणंद बघेल. कळलं तर कळेल.

मालकीण झालेली बाई कल्याणहून पहाटे निघालेली. पलंगावर आडवी झाली तशी तिला खरोखर झोप लागली आणि मढं घोरायला लागलं. तिला दोनदा उठवून पुन्हा मारावं लागलं. मग सगळं शांत झालं आणि मी चहा घेऊन आत गेले.

पाहिलं. ट्रे टेबलावर ठेवला. पलंगाच्या कडेला बसले, तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग कप उचलला आणि तो चहा मी प्यायले. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. त्या रविवारी सकाळी मी हेच केलं होतं.

बराच वेळ कुणी कट म्हणेना. मग दिग्दर्शक म्हणाला, आणि लेखक चष्मा पुसत पुढे आला. त्याने हळूच विचारलं, हे कुठून आणलंत? मी काही बोलायच्या आत मढ्याने डोळे उघडले आणि विचारलं, "सगळा संपवलात? थोडा ठेवायचात की माझ्यासाठी."

भाग रविवारी संध्याकाळी लागणार होता. मी यांना सांगून ठेवलं, या वेळी ओरडलेले नाही, नीट बघा. नणंदेलाही निरोप दिला. सगळी आळी आमच्या ओटीवर जमली. टीव्हीवर मी तपकिरी साडीत दार ढकललं. आत पाहिलं. आणि पुढच्या क्षणी हिरव्या साडीत, चार ग्लासांचा ट्रे खाली टाकून, गळ्याच्या शिरा ताणून किंचाळले.

ती दुसऱ्या खुनातली किंकाळी होती. माझीच. त्यांनी तिथून कापून इथे चिकटवली होती. आळीने टाळ्या वाजवल्या. शेजारीण म्हणाली, बाई, एवढ्यात साडी कधी बदललीत?

थोड्या वेळाने लेखकाचा फोन आला. अगदी ओशाळला होता. म्हणाला, चॅनेलवाल्यांना शॉट आवडला होता, पण त्यांचं म्हणणं पडलं की मढ्याशेजारी बसून शांतपणे चहा पिणारी बाई बघितली तर लोकांना वाटेल हिनेच मारलं. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडेही लोकांना तसंच वाटलं.

तो फोन ठेवते तोच नणंदेचा आला. यांनी घेतला, ऐकून घेतलं आणि ठेवला. तोवर ओटी रिकामी झाली होती. हे म्हणाले, "तू तर म्हणालीस ओरडले नाय. मग काय केलं होतंस?"

आणि मी सांगितलं. सासूबाईंना मधुमेह होता. डॉक्टरांनी साखर तोडली होती आणि चार वर्षं मी त्यांना बिनसाखरेचा चहा देत होते. त्या तोंड वाकडं करून प्यायच्या, कधीकधी पाया पडते म्हणायच्या, एकदा तरी गोड दे. मी ऐकलं नाही. बाई ना मी, नियम म्हणजे नियम. त्या रविवारी काय मनात आलं कोण जाणे, मी दोन चमचे साखर घातली. घेऊन गेले, तर त्या गेलेल्या. हाक मारली असती तर दहा जणी आल्या असत्या आणि कुणीतरी तो चहा मोरीत ओतला असता. मला तो ओतवेना. म्हणून बसले आणि प्यायले. मग बांधावर आले. आवाज कुठून काढणार होते? त्यांनी एवढंसं मागितलं आणि ते मी त्यांना कधी दिलंच नाही.

हे म्हणाले, "मी देत होतो गो."

मला कळेना.

"कारखान्यात माझी पहिली पाळी असायची. साडेतीनला घरी यायचो, तू शाळेतून यायचीस सहाला. रोज चार वाजता आमी दोघं चहा प्यायचो. तीन चमचे साखर घालायची ती. मला म्हणाली होती, बाईला सांगू नको, मारेल."

चार वर्षं! चार वर्षं मी त्या बाईचा भात मोजला, आंबे लपवले, आणि तरी साखर का वाढते म्हणून त्या गरीब डॉक्टरला धारेवर धरलं. आणि ही दोघं मायलेकरं रोज माझ्याच डब्यातली साखर घालून, कप विसळून पालथे घालत होती. मला आधी संताप आला. मग हसू आलं. हसता हसताच कुठून तरी आतून जे वर आलं ते काही मला आवरलं नाही. अकरा वर्षांचा राहिलेला गळा मी त्या ओटीवर बसून काढला. आई गो, आई, म्हणून.

शेजारीण हातातलं पीठ न धुताच धावत आली आणि दारात थबकली. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, इकडेतिकडे कॅमेरा शोधला. मग यांना हळूच विचारलं, शूटिंग हाय का?

"नाय," हे म्हणाले. "आमची आई गेली."