मालकाच्या थडग्यावरची रडणारी बाई

गिरणीमालक वारला तेव्हा त्याच्या बायकोने जुन्या ग्रीक देवळासारखं थडगं बांधायला काढलं. चार उंच खांब, वर त्रिकोणी माथा आणि दाराशेजारच्या भिंतीवर बायबलमधला लाझरस, येशूच्या हाकेसरशी कबरीतून उठणारा. लाझरसाला चेहरा मालकाचाच हवा, असं बाईंनी बजावलं. मेल्यावरही मिरवायची हौस! पाथरवटाने काम घेतलं. पोटापुढे कोणाचं चालतं?

लाझरसाच्या रडणाऱ्या बहिणीसाठी मात्र त्याने आपल्या बायकोलाच समोर बसवलं आणि हातात कांदे दिले. ती चिरायची, रडायची, मधेच हसायची आणि त्याच्या शिव्या खायची.

"परक्या मेलेल्यासाठी किती रडवाल मला!" म्हणायची.

दिवसभर छिन्नीखालची धूळ उडायची. त्याच्या नाकातोंडावर फडकं असायचं. तिला त्याने ते कधी बांधू दिलं नाही. चेहरा दिसायला हवा ना!

आठ वर्षं खोकून खोकून ती गेली. तिच्या कबरीवर साधा कोरलेला दगडही नाही, कारण तोवर त्याचे हात थरथरायला लागले होते. परवा तो मालकाच्या थडग्यापाशी गेला, तर रखवालदाराने फाटकातच अडवलं.

"आत फक्त नातेवाईकांना सोडतो, आजोबा. तुम्ही कोण?"

"त्या रडणाऱ्या बाईचा नवरा."

रखवालदार खो-खो हसला. "अहो, ती दगडाची आहे!"

"दगडाची आहे," म्हातारा म्हणाला, "म्हणूनच माझ्या हातून वाचली."